दोन्ही बाह्या उजव्या

१२ जून

बारके,

अक्षर बघून वही मिटू नकोस. सात वर्षांनी लिहितेय, तेही स्वतःहून नाही. घरी एक व्यायामवाली येते, माझ्या लेकीपेक्षाही लहान पोरगी. तिने हुकूम सोडलाय की रोज थोडं लिहायचं. काय लिहू म्हटलं तर म्हणाली, ज्या माणसाशी बोलायचं राहिलंय त्याला पत्र लिहा. आता तूच सांग, माझं कुणाशी बोलायचं राहिलंय? गिऱ्हाइकांशी बोलून बोलून घसा बसला. नवऱ्याशी जे होतं ते तो जिवंत असतानाच बोलून झालं, निम्मं ओरडून. राहिलीस तूच.

ही मापांच्या वह्यांतली शेवटची कोरी वही. लेक दर शनिवारी ती तुझ्याकडे नेणार आणि रविवारी परत आणणार, असं आमचं ठरलंय. तुमचं मावशी-भाचीचं येणंजाणं मला माहीत नव्हतं असं समजू नकोस. मला सगळं माहीत असतं.

व्यायामवाली म्हणते, आठवतंय ते सगळं लिहा, म्हणजे डोकं किती शाबूत आहे ते कळेल. तर घे माझी हजेरी. आपण दोघी सख्ख्या बहिणी. मी मोठी, तू सहा वर्षांनी धाकटी. वीस वर्षं आपण एका दुकानात कपडे शिवले. मी टेबलाशी उभी राहून कापणार आणि माझ्या डाव्या हाताला, खिडकीखाली, तुझं मशीन. मग त्या वकीलबाईंच्या कोटाचं झालं आणि तू मशीन उचलून निघून गेलीस. त्या कोटाबद्दल मी लिहिणार नाही. झालं ते झालं. कापड कुणाच्याही हातून बिघडतं.

मे महिन्यात मी टेबलाशीच पडले. डोक्यात उजवीकडे गुठळी अडकली म्हणे. तीन आठवडे दवाखान्यात काढले. बोलणं शाबूत, उजवा हात शाबूत, अक्कल होती तेवढी आहे. डावा हात-पाय जरा आळसावलेत. बाकी मला काहीही झालेलं नाही, पण हे कुणी ऐकून घेईल तर शपथ. सारखं आपलं 'आई, डावीकडे बघ', 'ताई, डावीकडे बघा'. बघतेय की! मान मोडायची बाकी ठेवलीय.

उलट यांचंच काहीतरी बिनसलंय. मला अर्धंच वाढतात. परवा मी म्हटलं, आजारी माणसाला एवढंसं? लेकीने ताट गर्रकन फिरवलं आणि ताटात जेवण आलं. रिकाम्या ताटात, बारके. मी हसले. तीही हसली. मग ती मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली.

मी जेवले. चव लागली नाही. ते जेवण आधी कुठे होतं, हे मला अजून कळलेलं नाही आणि विचारायची हिंमत होत नाही.

ताई


२० जून

बारके,

वही परत आली. कोरी. मी उघडून बघितली, माझं पान संपतं तिथे वहीची शिवण, पुढे काही नाही. लेकीला विचारलं, मावशीने एक अक्षरही लिहिलं नाही? ती म्हणाली, "आई, तू वही नीट बघितलीस का?"

"बघितली की. डोळे फुटलेत का माझे?"

तिने व्यायामवालीकडे बघितलं. व्यायामवालीने मान हलवली. दोघींचं काहीतरी गुपचूप चाललेलं असतं. असो. तू लिहावंस अशी माझी अपेक्षाही नव्हती. होती. पण असो.

या आठवड्यात तिने माझ्याकडून घड्याळ काढून घेतलं. कागदावर गोल काढा आणि आकडे घाला. म्हटलं, ही काय बालवाडी आहे? काढलं झोकात. तिने तो कागद हळूहळू माझ्या उजवीकडे सरकवला. बाराच्या बारा आकडे गोलाच्या एकाच अर्ध्यात कोंबलेले, दाटीवाटीने. दुसरा अर्धा स्वच्छ. मी तिला विचारलं, हे कुणी काढलं?

"तुम्हीच, ताई. तुमचे डोळे चांगले आहेत. पण मेंदू डावी बाजू डावलतोय."

'डावलतोय' हा शब्द तिने सहज वापरला, तिला काय माहीत. दुकानाच्या दारात मशीन उचलून उभी होतीस तेव्हा तू एवढंच बोलली होतीस. "ताई, जन्मभर तू मला डावललंस." तुझं ते शेवटचं वाक्य.

मी तिला म्हटलं, डावलायचं म्हणजे मुद्दाम ना? ती म्हणाली, नाही हो. मुद्दाम करायला ती बाजू आहे हे तरी माहीत असावं लागतं. तुमच्या मेंदूला ती बाजू आहे हेच सुचत नाही.

मी म्हटलं, मग हे जास्त वाईट.

तिने बसून नीट समजावलं. डोक्याचा जो भाग मेला तो मेला, तो काही परत यायचा नाही. पण मेंदू म्हातारपणीसुद्धा स्वतःला बदलत असतो. शेजारचा भाग मेलेल्याचं काम शिकून घेतो. मात्र एकदा सांगून नाही, हजारदा करून घ्यावं लागतं. तेच तेच, तेच तेच, कंटाळून रडू येईपर्यंत. मला लगेच कळलं. मी म्हटलं, म्हणजे शिवणीत माया ठेवतो तसं. बाईचं अंग वाढलं की टाके उसवायचे, आत दुमडून ठेवलेलं कापड मोकळं करायचं आणि तोच झगा तिला पुन्हा बसवायचा. पोरगी एवढी खूश झाली! लिहून घेतलं तिने. म्हणाली, आता सगळ्यांना हेच सांगणार.

मग मी विचारलं, माझ्यात किती माया शिल्लक आहे?

"ते उसवल्याशिवाय कळत नाही, ताई."

चेष्टेतच बोलली ती. मला मात्र माहीत आहे, कितीतरी कपडे मी उसवलेत आणि आत बोटभरही कापड नव्हतं. असले कपडे मीच कापलेले असायचे. कापड वाचवायची मला फार हौस.

ताई


२९ जून

बारके,

या खेपेलाही काही नाही. ठीक आहे.

आज एक गोष्ट सांगते, ती लेकीलाही मी कबूल केलेली नाही. तिला ती माहीत आहे, पण मी 'आठवत नाही' म्हणून उडवून लावते. आठवतं मला.

दवाखान्यातला चौथा-पाचवा दिवस असेल. जागी झाले तर माझ्या अंथरुणात कुणाचा तरी हात होता. गार, जड. बाईचाच हात, बोटाच्या पेरांना सुई टोचून टोचून घट्टे पडलेले. मी किंचाळले. नर्स धावत आली, म्हणाली, अहो, हा तुमचाच हात. मी म्हटलं, वेड्या आहात का, माझा हात हा इथे, आणि उजवा हात वर करून दाखवला. तिने तो दुसरा हात उचलून खांद्यापर्यंत दाखवला. खांदा माझा होता. हात माझा नव्हता.

मग मला उलगडा झाला आणि मी शांत झाले. मी सगळ्यांना सांगितलं, ओरडू नका, बारकीचा हात आहे, ती झोपलीय इथे. लहानपणी एका अंथरुणात तू माझ्या डावीकडेच झोपायचीस की नाही? हात टाकायचीस अंगावर. दोन दिवस मी त्या हातावरून पांघरूण सरकू दिलं नाही. नर्सला सांगत होते, हळू बोला, उठेल ती.

माझाच हात होता तो. आता कळतं. कळतं म्हणजे, सगळे सांगतात आणि मी मानते. व्यायामवाली उजव्या हातात जाड मोजा चढवून तो बांधून टाकते आणि डाव्याला कामाला लावते. टेबलावरची बटणं उचला, वाटीत टाका. पहिल्या दिवशी तासाभरात दोन बटणं. काल अकरा. मधे एकदा तर हात नुसता मेल्यासारखा पडून राहिला आणि मी त्याला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. पोरगी म्हणाली, घाला, त्यानेही फरक पडतो. नंतर लक्षात आलं, शिव्यांतली बहीण तूच की.

आता दुसरं. हे लिहायला नको, पण लिहिते. मला आवाज यायला लागलेत. गुरुवारी दुपारी व्यायाम झाल्यावर खुर्चीत बसले होते, खोलीत लेक आणि व्यायामवाली. आणि मला अगदी स्पष्ट ऐकू आलं, कुणीतरी दाताने दोरा तोडला. कट्. तुझी ती घाणेरडी सवय, शेजारी कात्री असताना दाताने तोडायची. वीस वर्षं ओरडले त्यावरून. मी सगळीकडे बघितलं. कुणी नव्हतं. लेकीला विचारणार होते, पण तिने 'आई, तुला भास होतात' म्हटलं असतं तर? आधी अर्धं जग गेलं, आता उरलेल्या अर्ध्यात नसलेली माणसं येऊन बसणार का? मला फार भीती वाटते, बारके. मरायची नाही. बसल्या जागी आपण थोडे थोडे नाहीसे होतोय आणि आपल्यालाच पत्ता नाही, याची.

ताई


९ जुलै

बारके,

आज ते लिहिते. म्हटलं होतं लिहिणार नाही, पण घोडं तिथेच अडून बसलंय.

लेकीने परवा जुन्या पडद्याचं कापड आणलं, एका अंगाने छापील. बाहीचा कागदी नमुना आणि माझी मोठी कात्री. व्यायामवाली म्हणाली, ताई, तुमचं हातातलं काम करा, मेंदूला जुन्या वाटा लवकर सापडतात. कात्री हातात घेतली आणि मला रडू आलं, इतकं बरं वाटलं. डावा हात कापडावर दाबून धरायला ठेवला. तोही राहिला बिचारा. एक बाही कापली. दुसरी कापली. कड बघ, म्हटलं, अजून कशी सुरीसारखी निघते.

लेकीने दोन्ही टेबलावर पसरल्या. "आई, दोन्ही उजव्या."

तुला काय सांगायचं, पण लिहिते, हजेरीच आहे ही. कापड दुहेरी घातलं तर दोन्ही बाह्या आपोआप जोडीच्या निघतात. कापड कमी असलं की एकेरीवर एकेक कापावी लागते. मग पहिली झाली की नमुना उलटा करून ठेवायचा. एवढंच लक्षात ठेवायचं. विसरलं की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या.

सगळ्या माझी समजूत काढायला लागल्या. व्यायामवाली म्हणाली, होणारच असं, डावीकडचं डोक्यात येत नाही ना, दुखणं आहे हे, तुमचा दोष नाही. लेकीने पाठीवरून हात फिरवला. आणि मी मान खाली घालून बसले. कारण दुखणं काल-परवाचं, आणि या बाह्या मी आधीही एकदा कापल्यात.

मी काय केलं ठाऊक आहे? तपासणीला गेले तेव्हा लेकीला औषधं आणायला पिटाळलं आणि डॉक्टरला विचारलं, डॉक्टर, ही गुठळी जुनी असेल का? म्हणजे सात वर्षं जुनी? माणसाला कळत नाही असं असू शकतं का? त्याने बिचाऱ्याने फिल्म पुन्हा दिव्यावर धरली, नीट बघितली आणि हसून म्हणाला, "अजिबात नाही. ताजी आहे. त्याआधीचा तुमचा मेंदू अगदी ठणठणीत होता." त्याला वाटलं, तो मला चांगली बातमी देतोय.

तर ठणठणीत मेंदूने मी वकीलबाईंचा कोट कापला. त्यांच्या वडिलांनी पेटीत जपून ठेवलेलं काळं कापड, एकाच अंगाने तकाकी असलेलं, जेमतेम पुरेल एवढं, तसलं पुन्हा मिळणार नव्हतं. एकेरीवर कापलं. नमुना उलटा करायला विसरले, कारण तुझ्यावर ओरडत होते. तू म्हणाली होतीस, ताई, एक बाही मी कापू का? मी म्हणाले, तुझ्या हातात कात्री म्हणजे कापडाचा खून. आणि ओरडता ओरडता स्वतःच केला.

वकीलबाई आल्या. त्या दोन बाह्या हातात धरून त्या रडायला लागल्या, वडिलांचं कापड म्हणून. दुकानात चार बायका उभ्या. आणि मी तुझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, हिने कापलं.

तू एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं, बरं झालं, सांभाळून घेतलं तिने. वीस वर्षं मी तुझ्या हाती कात्री दिली नाही, आणि दिली ती फक्त खोटं बोलताना.

मी कापला तो कोट. मी. हे कागदावर आहे, खाली सही करते. डोक्यातली आणखी एखादी खोली बंद व्हायच्या आधी हे बाहेर काढायचं होतं.

तुझी ताई


२१ जुलै

बारके,

वही दोनदा गेली, दोनदा आली. ते पत्र वाचूनही तू काही लिहिलं नाहीस.

मी तुला दोष देत नाही. पण मला धीर धरवेना. शुक्रवारी लेक कामावर गेली आणि मी काठी घेऊन निघाले, तुझ्या घरी यायला. चार चौक तर आहेत. पायात बळ आलंय आता. औषधाच्या दुकानापर्यंत व्यवस्थित गेले, वळले, चालले, वळले, आणि पुन्हा औषधाचं दुकान. म्हटलं, दुसरं असेल. पुन्हा चालले. पुन्हा तेच दुकान, तोच काचेवरचा तडा. मी प्रत्येक कोपऱ्यावर उजवीकडेच वळत होते. तुझं घर डावीकडे आहे आणि डावीकडे जाणारा रस्ताच कुणी ठेवलेला नव्हता.

मग मी सरळ रस्ता ओलांडायला गेले. रस्ता मोकळा होता, शपथेवर सांगते. आणि कानाशी एवढा मोठा हॉर्न, आणि काहीतरी माझ्या काठीला घासून गेलं. गाडी. अख्खी गाडी, बारके, कुठूनही न येता आली. औषधवाल्याने मला दंडाला धरून मागे ओढलं आणि स्टुलावर बसवलं. तो म्हणाला, आजी, केवढी मोठी गाडी आली, दिसली नाही? मी म्हटलं, आजी कुणाला म्हणतोस. तेवढंच तोंड उरलंय.

लेक आली ती रडत, ओरडत. तिने मला कधी नव्हे ते वाट्टेल ते सुनावलं. घरी आल्यावर जाकीट काढताना बघितलं तर अस्तर शिवलेलं. खिशापाशी महिनाभर उसवलेलं होतं. टाके इतके बारीक की भिंग लावून बघावेत. लेकीला तर बटणही लावता येत नाही. म्हणजे मीच शिवलं असेल आणि विसरले असेन. एका हाताने? मला काहीच कळत नाही. दोरा तोडल्याचे आवाज येतात, आपोआप कपडे शिवले जातात, ताटात जेवण उगवतं, हवेतून गाड्या येतात. याला वेड नाही म्हणत तर काय म्हणतात?

मी दार बंद करून बसलेय. आता कुठेही जाणार नाही. तू लिही किंवा नको लिहूस. एक ओळ लिहिलीस तर मात्र बरं होईल.

ताई


३ ऑगस्ट

बारके,

आज पानाच्या कडेला लाल फीत आहे.

व्यायामवालीने चिकटवली, मांजरपाटाची, आपल्याच दुकानातली. तशी ती महिनाभर दाराच्या चौकटीला, ताटाच्या काठाला लाल लावत सुटलीय. लाल दिसेपर्यंत मान वळवायची, दिसलं की मगच कामाला लागायचं. दिवसाला शंभर वेळा. मी नाकं मुरडत करत होते. आज सकाळी तिने वही पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, लाल शोधा. मी शोधलं. नाही म्हटलं. ती म्हणाली, अजून. मान अवघडली. अजून. मी वहीच्या शिवणीपाशी पोहोचले, तिथे पान संपतं. अजून, ताई. मी चिडून म्हटलं, आता काय वहीच्या बाहेर बघू?

आणि शिवणीच्या पलीकडे आणखी एक पान होतं.

मी किंचाळले. दवाखान्यात तो हात बघून किंचाळले होते तशीच. कारण ते कोरं नव्हतं.

आधी मला ओळींची शेपटंच दिसली. 'आले होते.' 'बसले.' 'तोडते.' 'माहीत होतं.' क्रियापदं सापडली, माणसं सापडेनात. एक ओळ नुसती 'नाही' एवढीच दिसत होती आणि माझा जीव टांगणीला लागला. मग प्रत्येक ओळीला लालपर्यंत जायचं, तिथून उजवीकडे यायचं, पुन्हा लाल. माझ्या एकेका पत्राला एक, अशी पाच पानं वाचायला जेवणाची वेळ टळली. लेक आणि व्यायामवाली दारात उभ्या होत्या, एक अक्षर सांगत नव्हत्या. सांगू नका अशी तुझी ताकीदच होती ना. तुझंच पहिलं पान:

'वही मिळाली. कुणी तुला वाचून दाखवायचं नाही असं बजावलंय. तुझं तुला दिसेल तेव्हा दिसेल. तोवर मला रागावून बसायला सवड आहे.'

अगदी तूच.

दुसरं: 'गुरुवारी आले होते. तुझ्या डाव्या हाताला बसले. तू माझ्यावरून नजर फिरवलीस आणि लेकीला म्हणालीस, दार लाव, कुणी नाहीये. मला वाटलं, नाटक करतेस, नेहमीसारखी. उठून चालले होते. ती पोरगी जिन्यापर्यंत धावत आली आणि तिने घड्याळाचा कागद दाखवला. मग मी परत येऊन बसले.'

तिसऱ्या पानावर मी खूप वेळ थांबले. 'ताई, तुला वेड लागलेलं नाही. दोरा मीच तोडते, दर गुरुवारी. तुझ्या जाकिटाचं अस्तर शिवतेय. घाबरू नकोस.' मी घाबरून मरत होते, बारके, आणि 'घाबरू नकोस' हे वीतभर अंतरावर लिहिलेलं होतं. महिनाभर.

चौथं पान त्या पत्राचं. ते वाचायच्या आधी मी पाणी मागितलं. 'कोट तू कापलास हे मला माहीत होतं. तुझ्या हातचं लिहिलेलं हवं होतं. माफ केलं असं मी लिहिणार नाही. अजून तरी नाही. गुरुवारी येईन.'

पाचवं: 'माझ्याकडे यायला निघालीस? आदल्या दिवशी तीन तास तुझ्याशेजारी बसून गेले मी! ताई, तू गाढव आहेस. रस्ता ओलांडायचा नाही.'

वाचून झाल्यावर मी रडले, मग हसले, मग लेकीला झापलं. ती म्हणाली, आई, मी रोज सांगत होते, नीट बघ. खरंच सांगत होती. आणि मी बघितलं होतं, हेही खरं. भीती गेली असं नाही. उलट आज दुपारभर मी खोलीत बसून विचार करतेय, आणखी काय काय आहे त्या बाजूला. वीस वर्षं खिडकीखाली एक माणूस बसलेलं असायचं. तेव्हा लाल फीत कुणी लावायला हवी होती, सांग.

हे मी डाव्या पानावर लिहितेय. ओळी लालपासून सुरू झाल्यात की नाही ते तूच बघ. वाकड्या असतील. एकेका ओळीला मान तिकडे न्यावी लागते, घाम येतो. उजवं पान कोरं ठेवलंय, ते तुझं. मोठी कात्रीही वहीसोबत पाठवतेय. धार लावून घेतलीय. त्या पडद्याच्या कापडातली डावी बाही अजून कापायची राहिलीय, ती तू काप. कशी कापायची ते मी सांगणार नाही.

गुरुवारी ये. त्याच खुर्चीत बस, डावीकडेच, उजवीकडे सरकू नकोस. मी वळेन. वेळ लागेल, पण वळेन. आणि नाहीच वळले तर माझ्या डाव्या हाताला सुई टोच. परवापासून तिथे जरा जरा कळायला लागलंय.

तुझी ताई